तेविसावी टोपी

इंग्रज अधिकाऱ्याचा मराठा सरदार करायला मला तीन दुपारी लागायच्या. पहिल्या दुपारी टोपी उतरवायची, दुसऱ्या दुपारी पगडी बांधायची, तिसऱ्या दुपारी रंग. धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत असे बावीस जण मी बाटवले, आणि एकानेही कुरकुर केली नाही. मी शाळेत चित्रकला शिकवतो. पेन्सिलीला टोक कर म्हटलं तरी आमची पोरं तोंड वाकडं करतात, त्यामुळे या बावीस जणांचं मला फार कौतुक होतं.

अधिकारी शिशाचे, घोड्यावर बसलेले, घोड्यासकट अडीच इंच उंच. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतला एक म्हातारा गार्ड लेकीकडे ऑस्ट्रेलियाला निघाला, तेव्हा त्याने आपल्या लहानपणच्या शिपायांची अख्खी ट्रंक माझा मित्र सुकदेव याला देऊन टाकली. सुकदेव जळगावच्या कॉलेजात इतिहास शिकवतो. ट्रंकेबरोबर एक चोपडंही आलं होतं. टेबलावर लढाई कशी लढायची, कोणत्या पलटणीने एका खेपेला किती इंच चालायचं, कोण मेला कोण जगला हे फाशावर कसं ठरवायचं, असे त्यात नियम. सुकदेवने ते वाचलं आणि त्याचं डोकं फिरलं. दर पंधरा दिवसांनी एका रविवारी तो एस.टी.ने धुळ्याला यायचा, गच्चीवर प्लायवूड मांडायचा, त्यावर हिरवी चादर, आणि आम्ही दोन प्रौढ माणसं शिंप्याची टेप घेऊन पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई लढायचो.

अडचण एकच. ट्रंकेतले सगळे इंग्रज! चोवीस घोडेस्वार अधिकारी, सगळे एकाच साच्यातले, सगळ्यांच्या डोक्यावर होडीसारखी ती उलटी टोपी. पेशव्यांकडून लढायला कोणी नाही. म्हणून मग बाटवाबाटवी. दोन अधिकारी इंग्रजांना ठेवले, बाकीचे आपले केले.

आधी टर्पेंटाइनमध्ये बुडवून जुना रंग काढायचा. मग सोनाराच्या बारीक करवतीने टोपी कापायची आणि डोकं कानशीने गोल करायचं. एमसील मळून त्याची शेवईसारखी बारीक वळी काढायची आणि सुईच्या टोकाने डोक्याभोवती गुंडाळत न्यायची, की झाली पगडी. सरळ तलवार बोटाच्या उबेने हळूहळू वाकवायची. कोटाच्या शेपटीला फेव्हिकॉलमध्ये भिजवलेला कागद लावला की अंगरख्याचा घेर. मिशी म्हणजे एक थेंब, पण तो पडला तर पडला, नाहीतर पेशव्यांचा सरदार जेवून तोंड न पुसता आल्यासारखा दिसतो. कापलेल्या टोप्या मी जर्द्याच्या एका रिकाम्या डबीत टाकत असे. आमच्यात काही टाकून देत नाहीत, कधी कशाला लागेल सांगता येत नाही.

खेळात या घोडेस्वारांना भारी मान. नियमच होता: सहा इंचांच्या आत आपला अधिकारी घोड्यावर दिसत असेल तर पलटण पळत नाही. तो पडला की फासा टाकायचा, आणि बहुतेक वेळा पलटण पळायचीच. "माणसाला समोर कोणीतरी दिसावं लागतं," असं सुकदेव म्हणायचा. माझी बायको कुंदा म्हणायची, "तुम्हाला समोर गव्हाचं पोतं दिसतंय का? दळण आणा."

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. होळीला चार दिवस होते, शाळा सकाळची झालेली. दुपारी मी माझ्या टेबलाशी बसलो होतो तर मोठी माय जिना चढून वर आली. मोठी माय म्हणजे माझी चुलती, यशोदाबाई. माझ्या वडिलांचे, नानांचे, थोरले भाऊ चुडामणकाका दुसऱ्या महायुद्धात गेले ते परत आलेच नाहीत. तेव्हा ती पंधरा-सोळा वर्षांची. मूलबाळ नाही. तेव्हापासून आमच्याच घरात. मला तिनेच वाढवलं, आणि माझ्या तापटपणाचं खापर आई तिच्यावरच फोडायची. साठीला आल्यावर तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण ऑपरेशनचं नाव काढलं की ती दोन दिवस जेवत नसे.

पदराखालून तिने आमचा वीर काढला आणि माझ्या हातात ठेवला.

खानदेशात घराघरात वीर असतो. घराण्यातला कोणी लढाईत पडलेला किंवा अवेळी गेलेला पूर्वज. त्याचा छोटा घोडेस्वार देव्हाऱ्यात असतो आणि धुळवडीला घरातला पुरुष त्याला लाल फडक्यात, नारळाबरोबर घेऊन डफाच्या तालावर होळीभोवती नाचतो, नदीवर न्हाऊ घालून परत आणतो. कोणाचा वीर चांदीचा, कोणाचा पितळेचा. आमचा कशाचा ते कोणालाच माहीत नव्हतं, कारण त्याच्यावर बोटभर जाड शेंदूर होता. आमचा वीर पेशव्यांच्या फौजेत इंग्रजांशी लढताना पडला, असं नाना सांगत. ते सांगताना नानांची छाती फुगायची. नानांना दम्याचा त्रास होता, त्यामुळे ती एरवी फुगत नसे.

"याना शेंदूर उकलना," मोठी माय तिच्या अहिराणीत म्हणाली. "मना डोया आते काम करतस नई. तुना हात बारीक कामना शे. नीट करी दे. पाच रोजवर वीर शेत."

मी बरं म्हटलं. ती जिना उतरून गेली. शेंदराला आडवी भेग गेली होती. नखाने जरा उचकलं, तर अर्धं कवच एकदम निघून हातात आलं, मग उरलेलं अर्धं. आत बघितलं आणि मला काहीच कळेना.

आत इंग्रज होता.

डोक्यावर होडीसारखी टोपी, सरळ तलवार, शेपट्यांचा कोट, कोटावर कुठे कुठे लाल रंगाचा पापुद्रा. माझ्या टेबलावर त्याचे दोन सख्खे भाऊ उभे होते. पहिल्यांदा माझ्या मनात आलं की कुंदाने झाडताना अदलाबदल केली असणार. खाली जाऊन मी तिच्यावर ओरडलो. ती म्हणाली, "तुमच्या त्या शिशाच्या भुतांना मी हातसुद्धा लावत नाही." मी वर येऊन मोजले. इंग्रज दोन, सरदार बावीस. चोवीस. पुन्हा मोजले, चोवीसच. हातातला पंचविसावा. मग वाटलं, आपणच कधी विसरून देव्हाऱ्यात ठेवला की काय? पण तो शेंदूर काय मी लावला? चाळीसएक वर्षांचा थर तो, झाडाच्या सालीसारखा. त्याला उलटा केला. घोड्याच्या पोटाखाली बारीक उठावाची अक्षरं होती. भिंगातून वाचली. मेड इन इंग्लंड.

मी सरळ पोस्टात गेलो आणि जळगावला सुकदेवच्या कॉलेजात फोन लावला. लढाईत काहीतरी घोटाळा झाला असेल असं समजून तो दुसऱ्या दिवशी रजा टाकून आला.

त्याने वीर भिंगाखाली धरला आणि अर्धा तास उलटसुलट फिरवून बघितला. इतिहासाच्या प्राध्यापकाला अर्धा तास लागला म्हणजे प्रकरण कठीण. मग तो म्हणाला, "तुमच्या पूर्वजाने इंग्रजाला मारला आणि त्याची आठवण म्हणून हा..."

"पेशवाईत मेड इन इंग्लंड छापत होते का रे?"

"नव्हते," तो म्हणाला. "हे खेळणं आहे. या शतकातलं. म्हणजे खरा वीर कोणीतरी काढून घेतला आणि त्या जागी हा ठेवला."

"कोणी?"

तो माझ्याकडे बघेना. मला समजलं त्याच्या मनात काय आलं ते, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. आमच्या घरात कधीकाळी चांदीचा वीर असला तर तो हलवू शकणारा माणूस एकच, नाना. नानांनी तसं केलं असेल? नाना, जे दुसऱ्याच्या शेतातली शेंग तोडू देत नसत? मी चिडलो. सुकदेववर चिडलो, त्या गार्डवर चिडलो, मेलेल्या बापावर चिडलो. आणि चिडून झाल्यावर उरला तो नुसता गोंधळ. कशाचा कशाशी मेळ बसेना.

एक मात्र मला लख्ख दिसत होतं. मोठी माय रोज पहाटे आंघोळ करून पहिल्यांदा याच्यासमोर डोकं टेकायची. बाकीच्या देवांना पाणी घालायची, पण याला मांडीवर घेऊन पुसायची. नवरा नाही, मूल नाही, डोळे गेलेले. त्या बाईला मी सांगायचं, की तू चाळीस वर्षं एका इंग्रज खेळण्याला पुजलंस, आणि वर तुझ्या दिराने घरचा वीर विकला? माझी जीभ झडली असती.

"मग कर ना," सुकदेव म्हणाला. "बावीस केलेस, हा तेविसावा. वरून शेंदूर लागला की कोणाला कळतंय?"

खरंच की. अख्ख्या खानदेशात हे काम येणारा माणूस मी एकटा होतो, आणि काम माझ्याच टेबलावर आलं होतं. मला वाटलं, ही वीराचीच इच्छा. माणूस गोंधळला की त्याला कशातही देवाची इच्छा दिसते.

तीन दुपारी मी जीव ओतून काम केलं. टर्पेंटाइनमध्ये बुडवला, टोपी कापली, डबीत टाकली. डोकं घासून गोल केलं. पगडी अशी बांधली की तिचे सात पेच मोजता यावेत. पहिली मिशी बिघडली, पुसून दुसरी काढली. डोळे टाचणीच्या टोकाने भरले. अंगरखा पांढरा, शेला केशरी, घोडा अबलख. वर शेंदूर लागणार होता, हे काही दिसणार नव्हतं, तरी केलं. सुकदेवही मुक्काम ठोकून होता. तिसऱ्या दिवशी बघून म्हणाला, "नथ्थू, या बावीस जणांत असा एक नाही." मलाही माहीत होतं. मी त्याला शेंदूर नि तेल माखलं आणि होळीच्या दिवशी दुपारी खाली नेऊन मोठी मायच्या मांडीवर ठेवला.

तिने दोन्ही हातांत घेतला. डाव्या हातात घोडा धरला आणि उजव्या हाताचा अंगठा वर नेला, थेट डोक्यावर. रोज पुसताना ती तसंच करायची, हे मी लहानपणापासून हजार वेळा बघितलं होतं आणि कधी पाहिलं नव्हतं. अंगठा पगडीवर फिरला. थांबला. पुन्हा फिरला.

"टोपी कोठे गयी?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "कोणती टोपी?" तोंडातून निघून गेलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

"याले टोपी व्हती."

सुकदेव दारात उभा होता, तो मागे सरकला. मग मी सगळं सांगितलं. शेंदूर निघाला ते, आत इंग्रज निघाला ते, तिला वाईट वाटू नये म्हणून पेशव्यांचा केला ते. नानांचं तेवढं बोललो नाही.

"तुले कोनी सांगं, हाऊ पेशवासना शे म्हनीसन?"

"नाना सांगे."

"तुना नाना धाकला व्हता. मी त्याले जे सांगं, तेच त्यानी तुले सांगं."

आणि मग मोठी माय बोलायला लागली. माझ्या आयुष्यात ती एवढं कधी बोलली नव्हती. आमचा जुना वीर वाटणीत जामनेरच्या थोरल्या घराकडे गेलेला. आमच्या देव्हाऱ्यात वीर नव्हताच. चुडामणकाका पलटणीत भरती झाले तेव्हा लग्नाला सात महिने झाले होते. गावाच्या वेशीपर्यंत ती मागे मागे गेली. पायी निघालेल्या नवऱ्याला ती थट्टेने म्हणाली, "येताना घोडावर बसीसन या." ते हसले, म्हणाले, "येसू!" पुढच्या वर्षी गावचा तोताराम रजेवर आला, त्याच्या हाती त्यांनी एक पुडकं पाठवलं. तिला वाटलं लुगडं असेल. उघडून बघते तर घोड्यावर बसलेला साहेब. मिसरमध्ये, म्हणजे इजिप्तात, की कुठे, बाजारात घेतलेला. सासू म्हणाली, माझा पोरगा येडा झाला. ही मात्र रात्रभर हसत होती. सगळ्या गावात तिला एकटीलाच त्याचा अर्थ माहीत होता.

"मंग कागद उना," मोठी माय म्हणाली. काका लढाईत पडल्याचा सरकारी कागद. "नई आग, नई राख. मी कोनले पुजू?"

तिने घोडेस्वाराला शेंदूर फासला आणि देव्हाऱ्यात ठेवला. लोक विचारतील म्हणून पेशव्यांची गोष्ट रचली. लहान दिराला ती गोष्ट आवडली, त्याने ती मोठेपणी छाती फुगवून आम्हाला सांगितली. मी माझ्या बापाला चार दिवस चोर ठरवला होता. त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

"शेंदूरखाले टोपी लागे," ती अंगठा दाखवत म्हणाली. "येवढी. तेच त्यासनं व्हतं. तू माले इचारं का?"

नव्हतं विचारलं. मला रडू आलं. चाळिशीचा बाप्या, मी तिच्या पायाशी बसून रडलो, आणि कुंदा स्वयंपाकघराच्या दारात पुरणाचा हात तसाच धरून उभी.

"टोपी फेकी दिन्ही का?" तिने विचारलं.

फेकली नव्हती! आमच्यात काही टाकून देत नाहीत. मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलो, डबी घेतली, आणि उतरताना घाईत पाय चुकला. पडलो नाही, पण डबी हातातून सुटली, जिन्यावरून खुळखुळत खाली गेली आणि उघडली. मी आणि सुकदेवने गुडघ्यांवर रांगत टोप्या वेचल्या. तेवीस भरल्या. पण आता वरची कोणती, खालची कोणती, सगळा काला. मी त्या ताटात ओतल्या आणि भिंग घेऊन बसलो. एकाच साच्यातल्या, एकाच टर्पेंटाइनमध्ये धुतलेल्या, एकाच करवतीने कापलेल्या. उघडं शिसं. डोकं तर मी घासून गोल केलेलं, जोडून बघावं तर तीही सोय मीच घालवलेली. मला एकीतही दुसरीहून फरक दिसला नाही. सुकदेवलाही नाही.

"आन," मोठी माय म्हणाली.

ताट तिच्यासमोर ठेवलं. मी त्यातल्या त्यात चांगली दिसणारी एक उचलून तिच्या तळहातावर ठेवली. खोटं बोलायचीही माझी तयारी होती. "हीच असेल, मोठी माय."

तिने अंगठा फिरवला. "हाई नई."

मग तिने स्वतःच सुरुवात केली. एक उचलायची, अंगठ्याने चाचपायची, डावीकडे ठेवायची. डोळे मिटलेले. हरभऱ्याएवढं शिसं आणि तिचा तो खरखरीत अंगठा. सहावी थोडा वेळ धरली, तीही ठेवली. चौदावीवर ती थांबली. फिरवून पाहिली, पुन्हा फिरवली. पंधरावी उचललीच नाही.

"हाई," ती म्हणाली.

मी ती भिंगाखाली घेतली. खरं सांगतो, काही म्हणजे काही वेगळं नव्हतं. तिला खरंच कळलं, की तिला कळायला हवं होतं म्हणून कळलं? मी पुष्कळ विचार केला आहे. सुकदेव म्हणतो, पुरावा नाही. कुंदा म्हणते, तुम्ही दोघं गप्प बसा.

तिथेच बसून मी माझी ती सात पेचांची पगडी कोरून काढली. जीव तुटला नाही, नुसती लाज वाटली. एमसीलने टोपी बसवली. पांढरा अंगरखा, केशरी शेला, वाकडी तलवार आणि वर इंग्रजी टोपी, असा काही माणूस जगात कधी कोणत्या पलटणीत नसेल. मोठी मायने अंगठा वर नेला, टोपीवर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"वाळायला वेळ लागेल," मी म्हटलं. "हलवू नको."

"नई हलावस."

ती तशीच बसून राहिली. मी ताटातल्या उरलेल्या बावीस टोप्या डबीत भरायला लागलो. त्यांचा खुळखुळाट ऐकून तिने मान वळवली.

"आनि ह्या बाकीन्या कोन्या?"

"कोणाच्या नाहीत, मोठी माय," मी म्हणालो. "खेळण्यातल्या आहेत."

"मनं बी खेयनंच व्हतं, भाऊ," ती म्हणाली.

मी डबीचं झाकण हातात धरून बसलो. वर गच्चीवरच्या टेबलावर बावीस सरदार पगड्या घालून उभे होते. भुसावळच्या त्या गार्डला लहानपणी ते कोणी दिले होते, हे आम्ही त्याला कधी विचारलंच नव्हतं.